टोपणाचे माप: खाडीकाठची भाजी आणि फवारणीचा इतिहास

मराठी शेतकऱ्याच्या बोलीत कीटकनाशकाला एकच नाव आहे: औषध. वांग्याला औषध मारायचे असते, भेंडीला औषध द्यायचे असते आणि ते जिथे मिळते ते औषधाचे दुकान. कर्जाने किंवा दुःखाने खचलेल्या माणसाने आयुष्य संपवले, तर गावात दबक्या आवाजात सांगतात तेही याच शब्दात, ‘त्याने औषध घेतले.’ ही वस्तू जीव घेते हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस त्यामुळे गावात शोधूनही सापडणार नाही. तरीही भाजीत विषाचे अंश सापडल्याची बातमी आली की शहरात निकाल तयार असतो. शेतकरी अडाणी आहे, त्याला मात्रा कळत नाही. नाहीतर तो लोभी आहे, त्याला खाणाऱ्याची पर्वा नाही. हा निकाल इतिहासाला धरून नाही, असे मला वाटते. फवारणीची आजची सवय अज्ञानातून आपोआप उगवलेली नाही. गेल्या सत्तर वर्षांत ती सरकारने, दुकानाने आणि बाजाराने मिळून शिकवली, आणि ती शिकवताना शेतकऱ्याकडे आधीपासून असलेले निरीक्षणाचे ज्ञान बाजूला सारले गेले. हे पाहायला मीरा-भाईंदरसारखी जागा चांगली, कारण पिकवणारा आणि खाणारा शेजारी असण्यापासून ते एकमेकांना पूर्ण अनोळखी होण्यापर्यंतचा सगळा प्रवास या छोट्या भूभागावर घडला आहे.

आजचे मीरा-भाईंदर म्हणजे इमारतींची दाटी. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. पण उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर यांच्यामधली ही जमीन मुळात भाताची, मिठाची आणि मासळीची. राई, मुर्धे, मोर्वे या आगरी गावांचे जगणे भातशेती आणि मिठागरांभोवती फिरले. उत्तन आणि डोंगरीकडे कोळी आणि ईस्ट इंडियन वस्ती, तर चेणे, काशी, वर्सावेच्या बाजूला डोंगराला लागून आदिवासी पाडे. खाडीचे खारे पाणी अडवायला बांध घालून भाताची जमीन राखायची, ही खारबंदिस्ती किनारपट्टीच्या शेतीचा कणाच होती. १९४८ साली मुंबई प्रांताने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. भात कापल्यावर ओलीवर वाल आणि विहिरीच्या पाण्यावर भाजी, हा या पट्ट्यातला साधा क्रम. खाडीपलीकडे वसईच्या बागाइतीत तर रहाटाच्या पाण्यावर केळी, पानवेली आणि भाजीपाला पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला. १८६४ साली बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे वसईची खाडी ओलांडून मुंबईला पोहोचली आणि पहाटे तोडलेली भाजी सकाळी मुंबईत विकण्याची सोय झाली. पिकवणारा तीच भाजी घरी खात होता आणि गिऱ्हाईक काही तासांच्या अंतरावर होते. भाजीच्या गुणवत्तेवरची ती सगळ्यात जुनी आणि स्वस्त देखरेख होती.

या शेतकऱ्याला पिकाच्या रोगाचे आणि किडीचे काय कळत होते? त्याचा उत्तम पुरावा भाजीच्या वाफ्यात नाही, भाताच्या राबात सापडतो. पावसाळ्याआधी रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडाच्या डहाळ्या, पालापाचोळा आणि माती यांचे थर देऊन ती जागा भाजून काढायची आणि मग तिथे आवण, म्हणजे लावणीची रोपे, वाढवायची, ही ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली जुनी रीत. एकोणिसाव्या शतकात वनखात्याने झाडांच्या फांद्या तोडण्यावर निर्बंध आणले तेव्हा राब हा मोठ्या वादाचा विषय झाला. खात्यातल्या अनेकांना ही निव्वळ रूढी वाटे. शेतकऱ्याने शेणखत घालावे आणि झाडे सोडून द्यावीत, असा त्यांचा आग्रह. शेतकऱ्यांची तक्रार इतकी तीव्र झाली की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८८९ साली हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनतज्ज्ञाने आपल्या १८९३ च्या अहवालात राबाची गंभीरपणे दखल घेतली. पुढे १९१२ साली कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानातल्या राबपद्धतीवर सविस्तर शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. नुसती राख टाकणे वेगळे आणि जमीन भाजणे वेगळे. उष्णतेने तणाचे बी मरते, मातीतले किडे आणि रोगजंतू कमी होतात आणि रोपाला मिळणारे अन्नही बदलते. शेतकरी हे शास्त्राच्या भाषेत सांगत नव्हता. पण काय केले की काय होते, हे त्याला नेमके ठाऊक होते. जे अडाणीपण म्हणून हिणवले गेले ते मोजमापाच्या कसोटीवर टिकले, हा धडा इथे ठळकपणे लिहिलेला आहे.

भाजीच्या मळ्यातही असेच बारीक उपाय होते. काकडी-भोपळ्याच्या वेलीवर सकाळच्या दवात चुलीतली राख भुरभुरायची, म्हणजे पाने खाणारे भुंगेरे बसत नाहीत. माव्यावर तंबाखूच्या काढ्याचा शिडकावा, वाफ्यात लिंबोळीची पेंड, किडके शेंडे आणि अळी लागलेली फळे रोज हाताने खुडून बाहेर काढणे, एका जागी वर्षानुवर्षे तेच पीक न घेणे. या सगळ्यांत समान काय, तर मळ्यात रोज फिरणे आणि झाडागणिक पाहणे. उपाय सौम्य होता, म्हणून नजर तीक्ष्ण ठेवावी लागे. अर्थात या काळाचे गोडवे गाऊन भागणार नाही. टोळधाड, करपा, भुरी यांच्यापुढे राख आणि काढा हतबल होते. कीड वाढली की पीक जायचे आणि त्याबरोबर घराची मीठमिरचीही. शिवाय जुने उपाय जुन्या किडींसाठी होते. मिरची पोर्तुगीजांच्या काळात या किनाऱ्यावर आली. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो त्यानंतर मळ्यात रुळले. नव्या पिकाबरोबर नवी कीड येते आणि तिच्याबद्दल आजोबांकडून काही ऐकलेले नसते. २०१४ साली टोमॅटोवरची दक्षिण अमेरिकी नागअळी पुणे परिसरात प्रथम दिसली, तेव्हा तिच्यावरचे परंपरागत ज्ञान असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून ‘मागे जा’ हा माझा मुद्दा नाही. पाहून ठरवण्याची रीत कुठे आणि कशी तुटली, हे मला तपासायचे आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे शेतीशास्त्र त्या रीतीचे वैरी नव्हते. कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचे हिंदुस्थानातल्या किडींवरचे पुस्तक १९०६ साली आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून पिकांच्या रोगांच्या नोंदी होऊ लागल्या. भेंडीची पाने पिवळी पाडणारा, शेतकरी ज्याला हळद्या म्हणतो तो रोग मुंबई इलाख्यातून १९२४ साली कुलकर्णी यांनी नोंदवला. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो हे पुढे १९५० च्या सुमारास सिद्ध झाले. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण, द्राक्षावर गंधक, काही ठिकाणी सोमलाची संयुगे ही त्या काळची फवारणी. ‘विष तर तेव्हाही होते’ हा आक्षेप इथे रास्त आहे. सोमल काही निरुपद्रवी नव्हे. पण दोन फरक लक्षात घ्यावे लागतात. ही द्रव्ये महाग आणि कटकटीची होती, भाजी पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्यापर्यंत ती क्वचितच पोहोचत. आणि मिश्रण शेतावर बनवावे लागे. मोरचूद किती, चुना किती, मिश्रण आंबट झाले का, हे करणाऱ्याला पाहावेच लागे. वापरणाऱ्याला पदार्थ ओळखीचा होता. इंदूरला काम करणाऱ्या शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी तर शेतकरी आणि कीड या दोघांनाही आपले शिक्षक मानले होते. संशोधक मळ्यात जात होता आणि शेतकऱ्याला विचारत होता.

तुटलेपण आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि ते उपकारकर्त्याच्या वेशात आले. डीडीटीचा कीटकनाशक गुण पाउल म्युलर यांनी १९३९ साली शोधला. १९४८ साली त्यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी माणसे खांद्यावर पंप घेऊन घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारू लागली. खाडी, खाजण आणि मिठागरांच्या मुलखात हिवताप काय करतो हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले होते, त्यांच्यासाठी तो पांढरा फवारा खरोखरच औषध होता. ग्रामीण माणसाची रासायनिक कीटकनाशकाशी पहिली ओळख अशी माजघरात झाली, आरोग्यखात्याच्या हाताने, जीव वाचवणारी वस्तू म्हणून. १९५२ साली कोलकात्याजवळ रिश्रा येथे बीएचसी या कीटकनाशकाचा कारखाना उभा राहिला आणि १९५४ साली डीडीटीसाठी हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. गॅमेक्झिनची पावडर, फॉलिडॉल, एंड्रिन ही नावे शेतीत रुळली. ‘औषध’ हा शब्द असा आपोआप चिकटला. तो शेतकऱ्याने भाबडेपणाने लावलेला नाही. ज्यांच्या हाती ज्ञान होते त्यांनी ती वस्तू औषध म्हणूनच त्याच्या घरात आणली होती. पुढे १९८९ साली शेतीतून डीडीटी आणि १९९७ साली बीएचसी बाद झाले, तोवर या शब्दाची आणि सवयीची मुळे दोन पिढ्या खोल गेली होती.

इशारा फार लवकर मिळाला होता. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले पीठ पोटात गेल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. मुंबईहून कोचीकडे गेलेल्या जहाजात धान्याचा आणि विषाचा माल शेजारीशेजारी ठेवला गेला होता. या दुर्घटनेनंतर सुरू झालेल्या विचारविनिमयातून कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याचे १९७१ चे नियम आले. नोंदणी, परवाना, डब्यावरचे लेबल आणि त्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंगांचा त्रिकोण ही सगळी त्याची देणगी. कायदा आवश्यकच होता. पण त्याने ज्ञान कुठे ठेवले, तर बाटलीवरच्या कागदावर. आणि तो कागद सांगतो काय? लाल ते हिरवा हा क्रम ते द्रव्य तोंडावाटे किंवा कातडीवाटे शरीरात गेले तर किती तीव्र विषबाधा होईल याचा आहे. कीड किती मरेल आणि भाजीत अंश किती दिवस राहील, याच्याशी त्या रंगाचा संबंध नाही. लालचे औषध ‘जोरदार’ आणि हिरव्याचे ‘साधे’ असा अर्थ एखाद्याने काढला, तर चूक वाचणाऱ्याइतकीच चिन्ह निवडणाऱ्याची आहे. राबाचा अर्थ शेतकऱ्याच्या अनुभवात होता. त्रिकोणाचा अर्थ राजपत्रात आहे.

मात्रेचे गणितही तसेच. समजा लेबलवर लिहिले आहे, हेक्टरी २०० मिलिलिटर, ५०० लिटर पाण्यातून. भेंडी आहे पाच गुंठे, म्हणजे हेक्टरचा विसावा भाग. त्याला औषध लागते १० मिलिलिटर आणि पाणी २५ लिटर. पाठीवरचा पंप १५ लिटरचा, तेव्हा एका पंपाला ६ मिलिलिटर. हे गणित अवघड नाही, पण बांधावर, वाऱ्यात, हातमोज्यांशिवाय ते कोणी करत नाही. त्यासाठी लागणारे मापही बहुधा जवळ नसते. बाटलीला असते ते टोपण. ‘पंपाला एक टोपण’ हे माप असे जन्माला आले, आणि निरनिराळ्या बाटल्यांची टोपणे निरनिराळ्या आकाराची असल्याने मात्रा कधी निम्मी, कधी दुप्पट झाली. भाईंदरपासून काही स्थानकांवर मालाडला असलेल्या अमेरिकन स्प्रिंग अँड प्रेसिंग वर्क्सचे, म्हणजे ‘अ‍ॅस्पी’चे पंप महाराष्ट्रभर गेले. पंप गावोगाव पोहोचला. त्याच्याबरोबर एक साधा मापाचा पेला आणि तो कसा वापरायचा हे दाखवणारा माणूस तितक्याच निष्ठेने पोहोचला नाही. कृषी सहायकाकडे अनेक गावे आणि डझनभर योजना. मग सल्ला कोण देणार? दुकानदार. तो उधारीवर माल देतो, हंगाम संपल्यावर पैसे घेतो, आणि ‘यात हेही मिसळा’ असे सांगतो. त्याचा सल्ला फुकट आहे आणि तो नेहमी उपलब्ध आहे. विकणाऱ्याकडूनच निदान करून घेण्याची वेळ ज्याच्यावर आली, त्याला आपण अडाणी म्हणतो.

यावर आक्षेप येईल की शेतकरी सारखी सारखी फवारणी करतो, ती तर त्याची स्वतःची निवड आहे. त्यासाठी कीड समजून घ्यायला हवी. वांग्याची शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते. आत गेल्यावर बाहेरचा फवारा तिला पोहोचत नाही. तिला गाठायचे तर त्या अवघ्या काही तासांत गाठावे लागते, आणि अंडी रोज घातली जातात. म्हणून दर काही दिवसांनी पंप पाठीवर घेणारा शेतकरी बेअक्कल नसतो. हातात एकच हत्यार दिले गेल्यावर तो त्याच हत्याराच्या तर्काने चालतो. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग तर इतका चिवट की डीडीटीला न जुमानणारी त्याची जात जावा बेटावर १९५३ सालीच नोंदली गेली. औषध लागू पडेनासे झाले की मात्रा वाढवायची, मग दोन औषधे मिसळायची, मग नवे महाग औषध आणायचे. या चक्रात शेतकऱ्याचा अनुभवच त्याला फसवतो, कारण गेल्या वर्षी एक टोपण पुरले होते आणि यंदा पुरत नाही, हे त्याचे निरीक्षण अगदी खरे असते. कीड बदलली आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

दरम्यान खाणारा दूर गेला. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, पुढे उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे यांसारखी गावे तिला जोडली गेली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. भाताची खाचरे भरावाखाली गेली आणि शहराच्या पश्चिम कडेला व डोंगराच्या पायथ्याला थोडी शेती उरली. लाखो लोकांच्या ताटातली भाजी आता वाशीच्या घाऊक बाजारातून, नाशिक, पुणे, सातारा आणि गुजरातेतून येते. शेतकरी ते दलाल, दलाल ते घाऊक व्यापारी, तिथून टेम्पो, मग स्टेशनाबाहेरची पाटी. या साखळीत भाजीबद्दल विचारला जाणारा प्रश्न एकच उरतो: दिसते कशी? एक डाग असलेले वांगे आणि एक भोक असलेले पालकाचे पान गिऱ्हाईक बाजूला सारते. तो नकार उलट्या वाटेने शेतकऱ्याच्या पट्टीवर कमी भावाच्या रूपात पोहोचतो. निर्मळ दिसण्याला भाव मिळतो. निर्मळ असण्याला मिळत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. मीरा रोडच्या बाजारात वांगे उलटसुलट करून पाहणारा हात हाही फवारणीच्या इतिहासाचा भाग आहे.

प्रतीक्षा कालावधीचा प्रश्न इथेच उभा राहतो. फवारणी आणि काढणी यांमध्ये ठरावीक दिवस जाऊ द्यावेत, असा नियम आहे. एमामेक्टिन बेंझोएटसाठी भेंडीवर ५ दिवस, क्लोरअँट्रानिलिप्रोलसाठी वांग्यावर तब्बल २२ दिवस. पण भेंडीचा तोडा एक दिवसाआड असतो; दोन तोडे चुकले तर भेंडी निबर होते आणि कोणी घेत नाही. वांगे २२ दिवस झाडावर ठेवणे म्हणजे कित्येक तोड्यांचे उत्पन्न टाकून देणे. म्हणजे शेतकरी नियम मोडतो तेव्हा दरवेळी तो त्याला ठाऊक नसतो असे नाही; पिकाचे घड्याळ आणि नियमाचे घड्याळ जुळत नाही. ही अडचण ज्ञान वाढवून सुटणारी नाही. तिच्यासाठी लवकर विघटित होणारे पर्याय, तोडा झाल्याबरोबर फवारणी करण्याचे वेळापत्रक आणि आधी बिनरासायनिक उपाय, अशी पूर्ण मांडणी लागते, आणि ती त्या त्या भाजीसाठी वेगळी लागते.

‘हे सारे अतिरंजित आहे, बहुतेक भाजी सुरक्षितच असते’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. केंद्र सरकारच्या अंश-तपासणी योजनेत २०१४-१५ मध्ये देशभरातून २०,६१८ नमुने घेतले गेले, १८.७ टक्क्यांत कीटकनाशकाचे अंश आढळले आणि मर्यादेपेक्षा जास्त होते ते २.६ टक्के. घबराट पसरवणाऱ्यांनी हा आकडा जरूर वाचावा. भाजी खाणे सोडणे हा वेडेपणा ठरेल. पण त्याच तपासणीतला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो: १२.५ टक्के नमुन्यांत त्या पिकासाठी मान्यताच नसलेली कीटकनाशके सापडली. याचा सरळ अर्थ शेतकऱ्याची बेफिकिरी असा लावला जातो. पण माठ, चुका, पडवळ, अळू अशा थोड्या क्षेत्रावरच्या भाज्यांसाठी नोंदणी करून घेण्याचा खर्च कंपनीला परवडत नाही, म्हणून त्यांच्या नावाची शिफारस लेबलवर क्वचितच सापडते. माठावर कीड पडली तर कायदेशीर उत्तर काय, हे विचारायला शेतकऱ्याला जागा नाही. महाराष्ट्राचा पीक-कीड सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प, क्रॉपसॅप, २००९-१० साली सुरू झाला तो सोयाबीन, कापूस, भात, तूर, हरभरा यांसाठी. मोठ्या पिकांना सल्लागार मिळाला. भाजीला दुकान मिळाले.

हेच शेतकरी शिकू शकतात याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षासाठी २००६ च्या सुमारास ग्रेपनेट ही नोंदणी आणि तपासणीची व्यवस्था सुरू झाली. बागेची नोंद, फवारणीची वही, पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अंशांची चाचणी. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्याने द्राक्षे युरोपात अडली, बागायतदारांचे प्रचंड नुकसान झाले, आणि त्यानंतर शिस्त अधिक घट्ट झाली. नाशिकचा बागायतदार आज कोणत्या औषधाचा अंश किती दिवसांत किती उरतो यावर तज्ज्ञासारखा बोलतो. तो वेगळ्या मातीचा नाही. त्याला यादी मिळाली, प्रयोगशाळा मिळाली आणि पाळलेल्या नियमाचा भाव मिळाला. रॉटरडॅमच्या ग्राहकासाठी जी व्यवस्था आपण उभी करू शकलो, ती भाईंदरच्या ग्राहकासाठी केली नाही.

सर्वांत बोचरा आक्षेप उरतो. घरासाठी वेगळा वाफा राखून त्यावर फवारणी न करणारे शेतकरी आहेत, असे वारंवार ऐकू येते; मग हे जाणूनबुजून केलेले पाप नव्हे काय? हा आक्षेप खरा धरला तरी ‘शेतकरी अडाणी’ हा आरोप तिथेच संपतो, कारण ज्याला धोका कळतो तोच वाफा वेगळा राखतो. नैतिक प्रश्न उरतो आणि तो टाळू नये. अनोळखी माणसाच्या ताटाची जबाबदारी पिकवणाऱ्यावर आहेच. पण विषाची पहिली किंमत कोण मोजतो तेही पाहावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. दाट, उंच वाढलेल्या पिकात मिश्रणाचा फवारा त्यांच्याच नाकातोंडात गेला. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला भाजीपाल्यावर २००५ सालीच मनाई झाली होती; पण कापसासाठी ते त्याच दुकानात, त्याच फळीवर, कायदेशीरपणे मिळत राहिले आणि त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघायला २०२३ उजाडले. एका पिकासाठी परवानगी आणि शेजारच्या पिकासाठी मनाई असलेले स्वस्त विष दुकानात ठेवायचे आणि ते भेंडीवर गेले की शेतकऱ्याला दोष द्यायचा, याला न्याय म्हणता येत नाही.

पर्याय कल्पनेतले नाहीत. हळद्यावर फवारे मारत बसण्याऐवजी परभणीच्या कृषी विद्यापीठाने रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी दिली. पुढे तिची ताकद ओसरली, म्हणजे असे वाण पुन्हा पुन्हा घडवावे लागतात. कोबीच्या ओळींमध्ये मोहरी लावून पतंगाला तिकडे ओढण्याची पद्धत बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेने पारखून दिली. वांग्यात कामगंध सापळे आणि किडके शेंडे खुडणे एकत्र केले की फवारण्या कमी होतात. या प्रत्येक उपायात शेतकऱ्याला पुन्हा मळ्यात फिरावे, मोजावे, ठरवावे लागते. राबाच्या आणि राखेच्या काळातली नजर नव्या शास्त्राच्या हाताला धरून परत येते. त्यासाठी भाजीच्या शेतीशाळा, थोड्या क्षेत्रावरच्या भाज्यांसाठी स्पष्ट शिफारशी, प्रत्येक बाटलीबरोबर मापाचा पेला, शहराच्या बाजारांत नियमित चाचणी आणि तिचे जाहीर निकाल लागतील. आणि लागेल थोड्या डागांची भाजी विकत घेणारा ग्राहक.

आपल्या भाषेने या वस्तूला औषध म्हटले आहे, तर त्या शब्दाचे सगळे नियम तिला लागू करावेत. आपल्याकडे औषध म्हटले की त्याआधी निदान येते, बरोबर मात्रा येते आणि मागून पथ्य येते. भाजीच्या बाबतीत आपण बाटली तेवढी शेतकऱ्याच्या हाती दिली. निदान दुकानदारावर सोडले, मात्रा टोपणावर सोडली, आणि काढणीपूर्वीचे ते पथ्य पाळणे परवडेल असा बाजार उभा केला नाही. खाडीकाठच्या ज्या शेतकऱ्याने जमीन भाजण्याचे मर्म प्रयोगशाळेच्या आधी ओळखले होते, त्याच्या वारसांना शिकता येत नाही असे मानण्याचे काहीच कारण नाही.